तलावाची वाट खालासाठीही हवी

माझी खाला वीलचेअर वापरते. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिला गावाबाहेरच्या तलावावर नेलं आणि फाटकाशीच अडलो. मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून तिथे लोखंडी खांब रोवलेत. माणूस तिरका होऊन निघतो, खुर्ची निघत नाही. रखवालदार भला होता. म्हणाला, "उचलून घ्या ना, चार पोरं आहात." खालाने साफ नकार दिला. पंचावन्न वर्षांच्या बाईने पक्षी बघायला चार पोरांच्या हातांवरून का जायचं?

आपल्या निवेदनांत शाळा असते, कर्ज असतं, पोलीस ठाणं असतं. घरातली वीलचेअर नसते. तिच्यासाठी आपल्याकडे फक्त "बिचारी" हा शब्द आहे.

मागणी छोटी आहे. तलावाकाठी दोनशे मीटरची एक वाट. खडी नाही, उखडलेले पेव्हर ब्लॉक नाहीत. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबीचा उतार. खुर्ची वळेल अशी जागा. बाकाशेजारी मोकळा कोपरा, म्हणजे सोबतचा माणूस मागे उभा न राहता शेजारी बसेल. आणि कठडा! उभ्या माणसाच्या हाताला सोयीचा आडवा पाइप बसलेल्या माणसाच्या नेमका डोळ्यांसमोर येतो. आराखडा काढणाऱ्याने एकदा खुर्चीत बसून बघावं. झाडं तोडा, घरट्यांपर्यंत सिमेंट ओता, असं कुणी म्हणत नाही. वाट छोटी हवी ती म्हणूनच.

ही मेहरबानीची गोष्ट नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 29 संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे. त्यात मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रमांतला सहभागही येतो. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान नियम बंधनकारक हवेत. तरी नव्या बागेच्या दाराशी पुन्हा तेच खांब.

औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) दिल्ली दरवाजाजवळच्या जुन्या खिजरी तलावाला आज सलीम अलींचं नाव आहे. मुंबईतल्या बोहरा घरात 1896 साली जन्मलेल्या या माणसाने देशाला पक्षी बघायला शिकवलं. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. शेवटचा दिवस त्यांच्या वाढदिवसाचा. त्या आठवड्यात निघणाऱ्या सहलींत वीलचेअरवरचं एक तरी पोर दिसतं का?

यंदा आपापल्या गावच्या तलावावर मोजपट्टी घेऊन जा. फाटकातल्या खांबांमधलं अंतर मोजा, फोटो काढा. मग दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज: या बागेची सुगम्यता तपासणी कधी झाली, कुणी केली? आमच्या गावचा अर्ज मी लिहिलाय, सही खालाची आहे.

ती विचारत होती, तिथे फ्लेमिंगो येतात का. मी म्हटलं, बगळे नक्की.