ध्रुवाजवळचा तळ आणि आपला दिएगो गार्सिया



जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका दमात दोन बेटांची नावे घेतली. ब्रिटनने दिएगो गार्सिया मॉरिशसला देणे हा मोठा मूर्खपणा आहे, आणि अमेरिकेने ग्रीनलँड का घ्यावे याचे ते आणखी एक कारण आहे, अशा अर्थाचे त्यांनी जाहीर केले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत लगेच प्रश्न निघाला, की नारळाच्या झाडांचे आपले बेट कोठे आणि उत्तर ध्रुवाच्या उंबरठ्यावरचे ते बर्फाचे बेट कोठे! दोघांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो समजण्यासाठी ग्रीनलँडच्या वायव्य टोकाला पिटुफिक नावाचा जो अमेरिकी तळ आहे, त्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. जुन्या पिढीने त्याचे नाव थुले असे ऐकले असेल. एप्रिल २०२३ मध्ये त्याला पिटुफिक हे स्थानिक नाव देण्यात आले.

भिंतीवरच्या नकाशात हा तळ जगाच्या एका कोपऱ्यात पडलेला दिसतो. पण वर्गातला पृथ्वीचा गोल हातात घ्या आणि सैबेरियातील क्रास्नोयार्स्कपासून शिकागोपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा थेट ध्रुवावरून जातो आणि ग्रीनलँडच्या त्याच टोकाजवळून खाली उतरतो. क्षेपणास्त्रांचा जवळचा रस्ता हाच. म्हणून १९५१ साली डेन्मार्कशी करार करून अमेरिकेने त्याच उन्हाळ्यात सुमारे १२० जहाजे आणि १२ हजार माणसे गुपचूप तेथे पाठवली आणि तळ उभा केला. पुढे १९६० च्या सुमारास प्रचंड रडार आले. एकेक पडदा सुमारे १२० मीटर रुंद आणि ५० मीटर उंच. शत्रूचे क्षेपणास्त्र निघाले तर वॉशिंग्टनला सुमारे पंधरा मिनिटे आधी कळावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

यंत्र कितीही मोठे असले तरी ते चुकते. ५ ऑक्टोबर १९६० रोजी या रडारने मोठा हल्ला येत असल्याची सूचना कोलोराडोच्या मुख्यालयाला दिली. त्या दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह स्वतः न्यूयॉर्कमध्ये होते, हे कोणाच्या तरी ध्यानात आले म्हणून बरे. नंतर उलगडा झाला तो असा, की नॉर्वेच्या दिशेला चंद्र उगवत होता आणि रडारच्या लहरी त्याच्यावर आपटून परत येत होत्या. चंद्रापर्यंत जाऊन यायला लहरीला अडीच सेकंद लागतात. एवढ्या लांबून काही परत येईल ही गोष्ट यंत्र करणाऱ्यांच्या हिशेबातच नव्हती. चांदोबाला मामा म्हणणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती हसतात. आम्हांला मात्र हसू येत नाही.

तेथे माणसे राहतात कशी? उत्तर ध्रुव तेथून सुमारे दीड हजार किलोमीटरवर. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सूर्य उगवत नाही, आणि उन्हाळ्यात तो मावळतच नाही, म्हणून झोपण्यासाठी खिडक्या काळ्या कराव्या लागतात. जमीन कायमची गोठलेली आहे. घराच्या उबेने ती वितळली तर घरच खचेल, म्हणून इमारती खांबांवर उचललेल्या असतात, आणि पाण्याचे नळ जमिनीखालून न नेता वरून, जाड वेष्टणात गुंडाळून नेलेले. बंदर वर्षातील नऊ महिने बर्फाने बंद. उन्हाळ्यात मालाची जहाजे येतात, तेवढ्यावर पुढचे वर्ष काढायचे, बाकीचे विमानाने. कुटुंब बरोबर नेता येत नाही. सैनिकाची नेमणूक बहुधा एका वर्षाची. एके काळी सुमारे १० हजार माणसे तेथे होती. २०२५ साली अमेरिकी सैनिक दीडशेच्या आसपास होते, आणि स्वयंपाक, दुरुस्ती, साफसफाई ही कामे मुख्यतः डेन्मार्क व ग्रीनलँडचे कामगार पाहत होते.

वादळाच्या इशाऱ्याची त्यांची पद्धत आपल्या वाचकांना चटकन समजेल. आपल्याकडे सायक्लोनचे वर्ग एक ते चार, तसे त्यांचे आल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. डेल्टा लागला की कोणी दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही, असाल तेथेच थांबायचे. तळापासून रडारपर्यंतच्या लांब रस्त्यावर आसऱ्याच्या लहान खोल्या बांधल्या आहेत. वाटेत वादळ गाठले तर तेथे शिरायचे आणि वाट पाहायची. १९७५ च्या जर्व्हेझ सायक्लोनमध्ये आपल्याकडे ताशी २८० किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता. थुलेला मार्च १९७२ मध्ये ३३३ किलोमीटरची नोंद झाली, आणि तीही बर्फाच्या कणांसह.

परंतु तळाची ही गोष्ट सांगताना तेथे आधी कोण होते हे विसरले जाते. तळाशेजारी उम्मान्नाक नावाची वस्ती होती. तेथील इनुघुइट लोक सील, वॉलरस, कोल्हे यांच्या शिकारीवर जगत. मे १९५३ मध्ये विमानविरोधी तोफांसाठी जागा हवी म्हणून २७ कुटुंबांना, ११६ माणसांना, काही दिवसांच्या सूचनेवर उठवण्यात आले. कुत्र्यांच्या गाड्यांवर सामान बांधून ती शंभर किलोमीटरहून अधिक उत्तरेला कानाक येथे गेली आणि घरे होईपर्यंत तंबूंत राहिली. लगेच ५ जूनला डेन्मार्कची नवी राज्यघटना लागू झाली आणि ग्रीनलँड वसाहत न राहता देशाचा भाग बनले. काही दिवस थांबले असते तर याच माणसांना घटनेचे संरक्षण मागता आले असते. ही तारीख योगायोग होती असे आम्हांला वाटत नाही.

आता आपले आठवा. १९६५ साली चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली, आणि १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व लोक जहाजांत भरून पोर्ट लुई व सेशेल्सला आणून सोडले. त्यांची कुत्री विषारी धुराने मारली. कासी आणि रोश-ब्वा येथे ही कुटुंबे कशी राहिली हे पोर्ट लुईत शिकवलेल्या शिक्षकांना ठाऊक आहे. आज दोन्ही तळांवर एकाच अमेरिकी उपग्रह-यंत्रणेची केंद्रे आहेत, एक ध्रुवाजवळ आणि एक विषुववृत्ताजवळ. ट्रम्प साहेबांच्या तोंडी दोन्ही नावे एकत्र आली ती उगाच नव्हे.

मालक काय म्हणतो याची किंमत तळावरच्या माणसालाही द्यावी लागते. मार्च २०२५ मध्ये उपाध्यक्ष व्हान्स यांनी पिटुफिकला जाऊन डेन्मार्कवर टीका केली. तळाच्या प्रमुख कर्नल बाईंनी सर्वांना पत्र पाठवले, की ती मते या तळाची नाहीत. शेजाऱ्यांबरोबर रोज जेवणाऱ्या माणसाने आणखी काय लिहावे? १० एप्रिलला त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

न्यायाचे म्हणाल तर इनुघुइटांनी ४६ वर्षांनी, १९९९ साली, डेन्मार्कच्या न्यायालयाकडून हे स्थलांतर जबरीचे होते असे वदवून घेतले. पंतप्रधानांनी त्याच वर्षी माफी मागितली. प्रत्येकी २५ किंवा १५ हजार क्रोनर मिळाले. परत जाण्याचा हक्क मात्र २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. आपल्या बाजूने हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये मत दिले, आणि २२ मे २०२५ रोजी लंडन व पोर्ट लुई यांच्यात करारावर सह्या झाल्या. त्यात बाकीच्या बेटांवर पुन्हा वस्ती करण्याची मुभा आहे. दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी तळाकडे. तेथे जन्मलेल्या आजीबाईंना आपल्या वडिलांच्या थडग्याजवळ कायमचे राहता येईल, असे त्या करारात कोठेही लिहिलेले नाही.