विंचू चालतो, जवळा चालत नाही

स्वीडनमधल्या माल्मो शहरात २०१८ साली एक संग्रहालय उघडलं. नाव ‘डिस्गस्टिंग फूड म्युझियम’, म्हणजे आपल्या भाषेत शी-शी खाद्य संग्रहालय. जगभरातले ऐंशीएक पदार्थ तिथे मांडलेत. काहींचा वास घ्यायचा, काही चाखायचे. आणि प्रवेशाचं तिकीट छापलेलं असतं ते चक्क ओकारीच्या पिशवीवर! इतकं दूरदृष्टीचं तिकीट मी दुसरं ऐकलेलं नाही. एकाच कागदात जमेची पावती आणि परताव्याचीही सोय. आमच्या बँकेला तीस वर्षांत हे जमलेलं नाही.

आता त्या संग्रहालयाशी माझं भांडण नाही. किळस सगळ्यांनाच येते, पण ती कशाची यावी हे ज्याच्या-त्याच्या घरात शिकवलं जातं, असंच त्यांना दाखवायचंय. माझं भांडण आहे ते मनातल्या मनात ती पिशवी गळ्यात अडकवून जग हिंडणाऱ्या शूरवीरांशी. पूर्वी माणसं परदेशातून येताना सेंटच्या बाटल्या आणायची, कॅमेरा आणायची. निदान चॉकलेटं तरी आपल्या वाट्याला यायची. हल्ली खाल्लेल्या प्राण्यांची यादी आणतात. “आम्ही मगर खाल्ली.” बरं मग? मगरीने तुम्हाला खाल्लं असतं तर ऐकण्यात काही गंमत होती.

आमच्या शाखेतले एक साहेब बँकॉकला जाऊन आले. पाच रात्री, सहा दिवस, बरोबर टूरवाल्यांचा महाराज. म्हणजे सकाळी पोहे, रात्री वरणभात, वर तुपाची धार. शिवाय वहिनींनी बॅगेत चकल्या आणि मेतकूट भरून दिलेलं. या सगळ्या लव्याजम्यातून साहेबांनी एक संध्याकाळ चोरली आणि खाओसान रोडवर काडीला टोचलेला विंचू खाल्ला. फोटो आहे. मला चार वेळा दाखवलाय. फोटोत विंचवाचा चेहरा साहेबांपेक्षा शांत आहे.

थायलंडच्या ईशान्य भागातली माणसं तळलेले रातकिडे, नाकतोडे चवीने खातात, हे खरं. आपण शेंगदाणे खातो तसे. पण त्या रस्त्यावरचा विंचू मुख्यतः पाहुण्यांसाठी असतो. काही विक्रेते तर नुसता फोटो काढायचेही वेगळे पैसे घेतात, आणि बरोबर करतात. मी कॉमर्सचा माणूस. या खर्चाला मी ‘खाणं’ या सदराखाली टाकायला तयार नाही. हा जाहिरात खर्च आहे.

मुळात हे पदार्थ कुणी हौसेने शोधून काढलेले नाहीत. आइसलँडमध्ये ‘हाउकार्ल’ म्हणून एक प्रकार असतो. ग्रीनलँड शार्क नावाचा मासा. ताजा खाल्ला तर विषारी. म्हणून त्याचे तुकडे खडीवाळूत पुरायचे, वर दगडांचं वजन ठेवायचं, काही आठवड्यांनी बाहेर काढून चार-पाच महिने वाऱ्यावर टांगायचे. मग तो खाण्याजोगा होतो. अमोनियाचा वास मात्र राहतोच. आता सांगा, भरल्या पोटाचा माणूस हा उपद्व्याप करील? लांबलचक हिवाळा, जेमतेम पीक, आणि समोर किनाऱ्यावर एवढं थोरलं पण विषारी धूड. पहिल्यांदा चुकीचा अंदाज करून कोण आजारी पडलं असेल, कोण दगावलं असेल, याची नोंद कुठल्याच खातेवहीत नाही. उत्तर स्वीडनचं ‘सुरस्ट्रॉमिंग’ही त्याच गोत्रातलं. हेरिंग मासे अगदी बेताच्या मिठात आंबवलेले. का, तर मीठ महाग. तो डब्यात भरल्यावरही आंबतच राहतो, डबा टम्म फुगतो. २००६ साली एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेजने तो विमानात न्यायलाच बंदी केली. स्वीडिश माणूस तो अंगणात बसून उघडतो, पातळ पावात बटाटा-कांद्याबरोबर गुंडाळतो आणि मजेत जेवतो.

आणि आमचे शूरवीर काय करतात? नाक धरून एक घास, एक किंकाळी, कॅमेऱ्याकडे बघून हशा. अहो, ते कुणाच्या तरी आजीचं बेगमीचं खाणं आहे! उद्या एखादा गोरा पाहुणा तुमच्या स्वयंपाकघरात शिरून आमटीच्या फोडणीला नाक धरून किंचाळला तर? हसू नका. त्यांच्या भाषेत हिंगाचं एक जुनं नाव ‘डेव्हिल्स डंग’ म्हणजे सैतानाची विष्ठा असंच आहे. इराण-अफगाणिस्तानातल्या एका झुडपाच्या मुळाचा वाळवलेला चीक तो. शतकानुशतकं आपण तिकडून आणला. लाहौलच्या खोऱ्यात सरकारी शास्त्रज्ञांनी त्याची लागवड सुरू केली ती २०२० साली. आणि त्याच्यावाचून आपलं वरण अळणी! खरवसाचं तर विचारूच नका. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक गूळ-वेलची घालून उकडून वड्या पाडतात, हे एखाद्या परक्या माणसाला नीट समजावून सांगून बघा.

खरी मेख पुढेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ साली हिशेब मांडला की जगातली सुमारे दोनशे कोटी माणसं कीटक खातात. त्यात आपलीही आहेत. बस्तरमध्ये लाल मुंग्या, त्यांची अंडी, मीठ-मिरची वाटून ‘चापडा’ नावाची आंबट चटणी करतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या तशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे ऐकून आमच्या लंचरूममध्ये काय उद्गार निघाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. ‘बिचारे’ हा त्यातल्या त्यात सभ्य. आणि २०१५ साली कोपनहेगनच्या ‘नोमा’ हॉटेलाने टोकियोत जाऊन कोळंबीवर मुंग्या पेरून दिल्या, तर ती कला ठरली! मुंगी तीच. बस्तरच्या बाजारात पानाच्या द्रोणात दिली की मागासलेपण, पांढऱ्या बशीत मांडली की पाककौशल्य. दोन शाखांत एकाच चेकचे दोन भाव!

टोकियो लांब राहिलं. आमच्या शाखेत गेल्या वर्षी एक पोरगा लागला, दापोलीकडचा. आई गावाहून सुका जवळा पाठवते. हा बिचारा पहाटे उठून खोलीवर कांदा-कोकम घालून परततो आणि भाकरीबरोबर डब्यात आणतो. त्याच्या घरमालकाने आधीच एकदा कुरकुर केली होती. महिन्याभरात लंचरूमच्या दारावर कागद लागला : ‘स्टाफने उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत. हुकुमावरून.’ खाली सही कुणाची? विंचूवाल्या साहेबांची.

मी केबिनमध्ये गेलो. म्हटलं, “साहेब, उग्र म्हणजे कितपत? फणसाला हे लागू आहे का? मुळ्याच्या भाजीला? परवा तुमच्याच डब्यात लसणीची चटणी होती.”

“तुम्हाला काय, सगळ्यातच गंमत दिसते,” साहेब म्हणाले. “इतर स्टाफला त्रास होतो.”

“मग विंचू आणलेला चालेल?”

साहेबांनी समोरची फाइल ओढली.

पोरगा आता जिन्याखाली जनरेटरशेजारी उभ्याने जेवतो. मी आणि आमचा कॅशियर अधूनमधून आमचे डबे घेऊन तिकडे जातो. जवळा झकास असतो, फक्त डिझेलचा वास फार येतो. साहेबांनी मे महिन्याची रजा टाकली आहे. आइसलँड. बरोबर महाराज आहेच.