कर्नल फाब्यां चौकातील वास्तू

पॅरिसच्या ईशान्य भागातील एका चौकाला 1945 पासून कर्नल फाब्यां यांचे नाव आहे. पिएर जॉर्ज हे त्यांचे मूळ नाव. ऑगस्ट 1941 मध्ये बार्बेस मेट्रो स्थानकावर एका नाझी अधिकाऱ्यावर गोळी झाडणारा हा तरुण कम्युनिस्ट डिसेंबर 1944 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी मरण पावला. याच चौकात फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचे मध्यवर्ती कार्यालय उभे आहे.

त्याचे शिल्पकार ऑस्कर नीमायर. ब्राझिलियातील संसदभवन व राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद ज्यांच्या कल्पनेतून साकारले, ते हेच. 1945 पासून पक्षाचे सभासद असलेल्या या कलावंताला 1964 च्या लष्करी उठावानंतर मायदेशात काम करणे अशक्य झाले, आणि फ्रान्समध्ये त्याला आश्रय मिळाला. (व्यवसायाची खास परवानगी दिली ती द गॉल यांच्या सरकारने. भांडवली राज्यकर्त्यांनाही कधी कधी कलेची चाड असते!) बंधुपक्षाच्या या कामाचा मोबदला नीमायर यांनी घेतला नाही.

एकोणिसाव्या शतकात ऑस्मान यांनी पॅरिसच्या जुन्या वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढले आणि त्यांच्या कडेने एकसारख्या दगडी दर्शनी भिंती उभ्या केल्या. भाडे न परवडणारा कामगार शहराच्या पूर्वेकडील कडेला लोटला गेला. त्याच पूर्वेकडे नीमायर यांनी रस्त्यालगत भिंत उभारण्याची रीत मोडली. इमारत मागे सरकवून तिला नागमोडी वळण दिले आणि पुढची जमीन मोकळी सोडली. काचेचा दर्शनी पडदा झाँ प्रूव्हे यांचा. मध्यवर्ती समितीचे सभागृह जमिनीखाली असून त्याचा फक्त पांढरा घुमट वर डोकावतो. आत हजारो अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांनी प्रकाश मऊ केला आहे. प्रवेशदालनाची काँक्रीटची जमीनही सपाट नाही, ती टेकडीसारखी चढत जाते. मुख्य इमारत 1971 मध्ये वापरात आली. घुमट पुरा व्हायला 1980 उजाडावे लागले.

कामगारांच्या पक्षाला असली चैन कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. हा प्रश्न बँकांच्या मनोऱ्यांना सहसा विचारला जात नाही. पै-पैची वर्गणी देणाऱ्यांनी कळकट खोल्यांतच बसावे, हा मालकवर्गाचा नियम नीमायर यांनी मानला नाही.

परंतु वास्तू व पक्ष यांचे भाग्य सारखे राहिले नाही. 1969 च्या अध्यक्षीय निवडणुकीत झाक द्युक्लो यांना 21 टक्क्यांहून अधिक मते पडली होती. 2007 मध्ये मारी-जॉर्ज ब्युफे यांना दोन टक्केही मिळाली नाहीत. त्याच वर्षी इमारतीला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा लाभला. ज्या राज्यव्यवस्थेविरुद्ध लढण्यासाठी ती बांधली, त्याच राज्यव्यवस्थेने तिची नोंद वारसा म्हणून करावी, हे फ्रेंच कॉम्रेडांना सुखाचे खासच नसणार. पुढे काही भाग भाड्याने द्यावा लागला. घुमटाखाली उंची पोशाखांची प्रदर्शनेही भरली.

यावर नाके मुरडणे सोपे आहे. मात्र ही वास्तू विकून पैसा उभा करण्याचा मार्ग पक्षाने पत्करला नाही, आणि तेच योग्य झाले. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यापैकी अनेक आज हयात नाहीत. त्यांचा वाटा बाजारात मांडण्याचा अधिकार कोणत्याही समितीला पोहोचत नाही. भाडेकरूंच्या मजल्यांखाली पक्षाच्या बैठका अजून त्याच घुमटात भरतात, आणि वारसादिनी दारे उघडली की सामान्य पॅरिसकर तो चढता उतार तुडवीत आत येतात.