माल उतरतो, घर उतरत नाही

सुरत म्हटलं की आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही १६६४ साल आठवतं. मला मात्र ताईचं उधन्यातलं घर आठवतं. दाजी मूळचे संकेश्वरचे. तीस वर्षांपूर्वी पोटासाठी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. मराठी माणसांची, त्यातही खानदेशी मंडळींची तिथे एवढी वस्ती आहे की लिंबायतच्या बाजारात उभं राहिलं तर आपण जळगावात आहोत असं वाटावं.

दाजींचा धंदा पिकअपचा. मागावरून उतरलेलं कोरं कापड, ज्याला तिकडे 'ग्रे' म्हणतात, ते पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाईला पोचवायचं आणि तयार झालेला माल रिंग रोडच्या कापड मार्केटात आणायचा. आपल्या इचलकरंजीसारखंच सगळं. फक्त इचलकरंजीत सुती कापड जास्त आणि तिथे सिंथेटिक.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा घरात एकच विषय होता. दाजींच्या आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अव्वा, गोकाककडच्या. वय झालं, गुडघे गेले, पण माघातल्या भारत हुण्णिमेला एकदा सौंदत्तीच्या यल्लम्माचं दर्शन व्हावं एवढी इच्छा. गाडीत तासभरही बसवत नाही आणि वाटेत शौचाला जायची अडचण ही सगळ्यात मोठी. दाजींच्या वडिलांची हीच इच्छा राहून गेली होती. तेव्हा धंद्यापायी सवड झाली नाही, हे शल्य दाजींच्या मनातून काही जात नाही. म्हणून त्यांनी ठरवलं, जुन्या पिकअपच्या हौद्यावर घरच बांधायचं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, मागच्या बाजूला छोटं शौचालय. लोखंडी सांगाडा आणि पत्रा ठोकून ते उभंही राहिलं होतं.

"मास्तर, बेळगावपर्यंत एकच रस्ता आहे, अठ्ठेचाळीस नंबरचा. अव्वा झोपून जाईल," दाजी म्हणाले. रस्त्याचं खरंच आहे. दिल्लीहून निघालेला हा राष्ट्रीय महामार्ग सुरत, मुंबई, पुणे, कोल्हापूर करत आपल्या निपाणी-बेळगाववरून पुढे चेन्नईपर्यंत जातो. सुरतेहून बेळगाव साडेसातशे किलोमीटरच्या आसपास.

अडचण एवढीच होती की घर चढवल्यावर गाडी मागून बसली. त्यावर सुरतेत उपाय ठरलेला, पाटे वाढवायचे. एका मिस्त्रीने दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे घातले आणि गाडी सरळ उभी राहिली. दाजी खूश.

मी एम. ए. झालेला माणूस, मला पाट्यातलं काय कळणार? पण त्याच संध्याकाळी आम्ही चक्कर मारायला निघालो. पुढच्या बसने अचानक ब्रेक लावला. दाजींनीही लावला. गाडीचं नाक खाली गेलं, पुढची चाकं घासत गेली आणि बसच्या मागे जेमतेम वीतभर अंतर राहिलं. मागे पलंगावर भाचा बसला होता, तो थेट केबिनच्या पत्र्यावर आदळला. त्या जागी अव्वा असत्या तर, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला. बोललं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी मला एका म्हाताऱ्या पाटेवाल्याकडे घेऊन गेले. धुळ्याकडचा माणूस, चाळीस वर्षं हेच काम. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "काटा केलाय का?" म्हणजे वजन केलंय का. दाजी गप्प.

मग त्याने मला शिकवणी दिली. पाट्यांच्या थप्पीत सगळ्यात वरचा, सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवलेली असतात. एक टोक चासीला पक्कं, दुसरं शॅकलवर झुलतं, कारण ओझ्याने पाटा सपाट झाला की त्याची लांबी सरकायला जागा लागते. मधे सेंटर बोल्ट, आणि यू-बोल्टने सगळी थप्पी ॲक्सलला आवळलेली. पाटा वाढवला की कमान कडक होते, गाडी कमी बसते. पण ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, चासी तीच, टायर तेच, ब्रेकही तेच. ओझं पेलण्याची ताकद त्याने वाढत नाही. "गाडी बसते म्हणजे ती तुम्हाला सांगते, पुरे," तो म्हणाला. "तुम्ही पाटे घालून तिचं तोंड बंद केलं."

आदल्या दिवशीच्या ब्रेकचा उलगडाही त्यानेच केला. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्वपर्यंत बारीक सळई असते. ओझ्याने गाडी बसली की सळई हलते आणि व्हॉल्व मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त जोर देतो. गाडी रिकामी असेल तर कमी देतो, म्हणजे मागची चाकं घसरू नयेत. आता पाटे वाढवून गाडी उचलून धरली, तर व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामीच आहे. ओझं भरपूर आणि मागचा ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचा!

आम्ही काट्यावर गेलो. आरसी बुकाप्रमाणे रिकामी गाडी १७०० किलो आणि भरून जास्तीत जास्त २९००. म्हणजे माणसं धरून १२०० किलोची मुभा. घराचा सांगाडा, पत्रा, प्लायवूड मिळून ६५०. पाण्याची टाकी २०० लिटरची, म्हणजे पाणीच २०० किलो. बॅटऱ्या, शेगडी, सिलिंडर १२०. पलंग, गाद्या, भांडी १५०. घरची सहा माणसं ३६०. बेरीज १४८०. मुभेपेक्षा २८० किलो जास्त, आणि अजून अव्वांच्या लोणच्याच्या बरण्या चढायच्या होत्या.

त्यातही टाकी आणि शौचालय मागच्या चाकांच्याही मागे. आपल्याकडे बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. इथेही तसंच. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय घर उंच, वळणावर झुलणार. वाटेत बोर घाट आणि खंबाटकी.

"पण इथले सगळे पाटे वाढवूनच कापड ओढतात की," दाजी म्हणाले. म्हातारा हसला. "ते बरोबर करतात असं नाही. पण कापड संध्याकाळी उतरतं, पाट्याला रात्री विसावा मिळतो. तुमचं घर कधी उतरणार?"

मंडळी, हे वाक्य मी सुरतेहून घेऊन आलो.

कायद्याचं मी नंतर वाचलं. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं. मालगाडीच्या हौद्यात माणसं बसवून नेणं तर मुळातच चालत नाही. जादा ओझ्याला २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण दंडाचं सोडा. अपघात झाला तर विम्यावाले सगळ्यात आधी हाच बदल काढून दाखवतील.

आपल्याकडेही हल्ली जुन्या पिकअपवर चहाची टपरी, वडापावची गाडी, यात्रेची घरगाडी बांधणारे दिसतात. त्यांच्यासाठी त्या म्हाताऱ्याची शिकवण इथे देतो. आधी काटा करा, पूर्ण भरून, आणि मागचा ॲक्सल वेगळा तोलून. टायरच्या बाजूवरचा आकडा पाहा. १०० असेल तर त्या टायरला ८०० किलो, १०४ असेल तर ९००, त्यापुढे नाही. टाकीसारखं जड सामान चाकांच्या पुढे आणि खाली ठेवा. पाटे थकले असतील तर कंपनीच्या मापाचे आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला, सोबत बुशही. काम झाल्यावर काहीशे किलोमीटरने यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि ब्रेकच्या व्हॉल्वची सेटिंग तपासून घ्या. आणि बेरीज मुभेत बसत नसेल, तर ओझं कमी करा किंवा मोठी गाडी घ्या. बांधण्याआधी आरटीओची परवानगी, हे वेगळं सांगायला नको.

दाजींनी दोन दिवस कुणाशी धड बोलणं केलं नाही. तिसऱ्या दिवशी जादा पाटे काढले आणि घर उतरवून गच्चीवर ठेवलं. अव्वांना काय सांगायचं, ही चिंता ताईला. पण अव्वांनीच पलंगावरून मुलाला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु, मगा." आपल्या मराठीत अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात तेच.

माघात अव्वा रेल्वेने आल्या. खालचा बर्थ, डब्यातच शौचालय, बेळगाव स्टेशनवर मी चाकांची खुर्ची घेऊन उभा. सौंदत्तीच्या पायऱ्या दाजींनी त्यांना पाठीवर घेऊन चढल्या. वर पोचल्यावर धापा टाकत मला म्हणाले, "मास्तर, हे ओझं मात्र मुभेत बसलं बघा."