ओले सरपण, घरात आजारपण

पावसाळ्यात खोकल्याने बेजार झालेली बाई दवाखान्यात आली की औषध लिहून देण्याआधी तिला एक प्रश्न विचारला पाहिजे : ‘बाई, सरपण कुठे ठेवता?’

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर खेड्यापाड्यांत पोचले. तरी पुष्कळ घरांत भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते. किनवट-माहूरकडे जंगलातले लाकूड, तर लातूरकडे बांधावरची बाभूळ आणि तुराट्या. आभाळ भरून आले की हे सारे ओलेसुके जळण घाईघाईने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रचले जाते. चूक इथेच होते.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. जाळाची उष्णता ते पाणी आटवण्यातच खर्ची पडते. लाकूड पेटत नाही, धुमसत राहते. शिवाय ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. मोळी हलवताच बुरशीचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर आत जातात. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना ते फार बाधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या चुलींच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

उपाय बिनपैशाचा आहे. लाकूड हिवाळ्यातच तोडून फोडावे. सालीसकट गोल ओंडका लवकर वाळत नाही. रास दगड-विटांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावी. वर पत्रा टाकावा, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले लाकूड आतल्या आत घामेजते. घरात दोन दिवसांपुरतेच जळण आणावे. वाळलेली लाकडे एकमेकांवर आपटली की खणखणतात, ओली बद्द वाजतात. बुरशी धरलेले लाकूड तोंडाला रुमाल बांधून अंगणातच झटकावे आणि उन्हात टाकावे. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मात्र धुराला दोष देत बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी.

सरपण हे बायकांचे काम, असे म्हणून पुरुष मंडळी मोकळी होतात. हे योग्य नाही. बैलांचा कडबा भिजू नये म्हणून आपण मृगाच्या आधी गंजी नीट झाकतो. चूल फुंकणाऱ्या माउलीच्या छातीची तेवढी तरी काळजी घ्यायला नको का?