प्रेक्षकांचा राग कुणावर?

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या संघमालकांनी १ जुलै २०११ रोजी टाळेबंदी केली. ती १६१ दिवस चालली. प्रत्येक संघाचे ८२ सामने ६६ वर आले. भांडण उत्पन्नाच्या वाट्याचे होते. खेळाडूंना मिळणारे ५७ टक्के मालकांना कमी करून हवे होते. कुलूप मालकांनी लावले, तरी चिडलेले अनेक प्रेक्षक खेळाडूंनाच हावरट म्हणाले. त्यातले बहुसंख्य खेळाडू काळे होते, हेही लक्षात घ्या.

कोट्यधीश खेळाडू आणि बीडचा ऊसतोड मजूर यांची बरोबरी होत नाही. पण बघणाऱ्यांची खोड तीच. कोयता बंद झाला की 'मजूर अडवणूक करतात' अशी ओरड आपल्याच जिल्ह्यात होते. उचल, मुकादमी आणि तोडणीचा दर यांवर तेच लोक गप्प असतात.

बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना, संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असे बजावले आणि ७ नोव्हेंबरला कामगारांना संपात उतरवले. म्हणून आम्ही म्हणतो: सामना बुडाला, जरूर चिडा, पण आधी विचारा, कुलूप कुणी लावले?

जय भीम!