स्टेनलेसचं सोवळं

घरी बिअर करणाऱ्या मंडळींत दोन पंथ आहेत. पहिला स्टेनलेसवाल्यांचा. नळ, निपल, एल्बो, कपलिंग, अगदी दोन इंची पाइपचा तुकडासुद्धा स्टेनलेसच हवा, आणि तोही ३१६ ग्रेडचा. पितळेचा साधा बॉल व्हॉल्व्ह दिसला की यांना विटाळ होतो. दुसरा पंथ 'चालतंय की'वाल्यांचा. हार्डवेअरच्या दुकानात जे स्वस्त आणि मापाचं मिळेल ते उचलायचं, टेफ्लॉन टेप गुंडाळायची आणि द्यायचं ठोकून. इथे ओरेगॉनमध्ये दोन्ही पंथांचे लोक भरपूर भेटतात आणि दोघेही आपलं म्हणणं तावातावाने सांगतात.

माझं म्हणणं असं की दोघंही चुकताहेत, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. धातू चांगला की वाईट, एवढंच दोघं विचारतात. अहो, प्रश्न नुसत्या धातूचा नाहीच. त्या धातूला काय लागणार आहे, किती आंबट, किती गरम आणि किती वेळ, हे विचारा की!

हा काही मी लावलेला शोध नाही. आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पितळेच्या घागरीत पाणी बिनधास्त भरायचं, पण बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवायची कुणाची छाती नव्हती. कळकायचं ना! म्हणून कल्हईवाला यायचा, नवसागर टाकून, कथील फिरवून भांडी चकचकीत करून द्यायचा. पितळ तेच, पण पाणी चालतं आणि ताक चालत नाही. यात रसायनशास्त्राचा अख्खा धडा आला. तो आपण इंजिनिअर होऊन विसरलो.

आता जरा आकडे. माल्ट भिजवून काढलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, याचा पीएच साधारण ५.२ ते ५.५ असतो. तयार बिअरचा ४ ते ४.५. फरक एका आकड्याचा वाटतो, पण पीएचची पट्टी लॉगची आहे. एक आकडा खाली म्हणजे दहापट आम्ल. शिवाय वर्ट व्हॉल्व्हमधून काही मिनिटांत निघून जातं, तर बिअर पिंपात आठवडेच्या आठवडे बसून राहते. म्हणजे एकाच पितळी नळाची उकळायच्या भांड्यावर एक गोष्ट आणि बिअरच्या पिंपावर दुसरी.

तांब्याचंच घ्या. ब्रिटनमध्ये वर्ट उकळायच्या भांड्याला आजही 'कॉपर' म्हणतात, भले ते आता स्टेनलेसचं असो. तांब्याची वेटोळी असलेला चिलर गरम वर्टमध्ये बुडवला की मळका जातो आणि लख्ख होऊन बाहेर येतो. तो मळ, म्हणजे तांब्याचा ऑक्साइड, वर्टमध्येच गेला. पण त्यातलं बरंचसं तांबं यीस्टसोबत तळाशी बसतं, आणि गंधकाचे नकोसे वास कमी करायला थोडं तांबं उपयोगीच पडतं. हेच तांबं यीस्टचं काम संपल्यावर बिअरमध्ये गेलं तर मात्र उलटा खेळ होतो. ते ऑक्सिडेशनला हातभार लावतं आणि बिअर लवकर शिळी लागते. म्हणून नियम सोपा आहे: यीस्टच्या आधी तांबं-पितळ चालेल, यीस्टच्या नंतर फक्त स्टेनलेस किंवा खाद्य दर्जाचं प्लास्टिक.

ॲल्युमिनियमच्या भांड्याला उगाच नावं ठेवतात. त्यात आधी नुसतं पाणी उकळून घ्या, राखाडी थर येऊ द्या आणि तो घासून काढू नका. कॉस्टिकसारखी जहाल अल्कली मात्र त्याला लावायची नाही. जस्ताचा मुलामा दिलेले, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड फिटिंग कुठेही नकोत. आम्लात जस्त सुटतं आणि ते पोटात जास्त गेलं की मळमळ, उलट्या. यीस्टला जस्त लागतं हे खरं, पण लिटरला मिलिग्रॅमचा दहावा-पाचवा हिस्सा. मुलामा विरघळून नव्हे! :)

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच. शिसं.

लेथवर सहज कापलं जावं म्हणून पितळेत शिसं मिसळतात. नेहमीच्या फ्री-मशीनिंग पितळेत ते सुमारे तीन टक्के असतं. ते तांब्यात-जस्तात विरघळत नाही, बारीक कणांनी विखुरलेलं राहतं आणि कापताना पृष्ठभागावर माखलं जातं. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये आठ टक्क्यांपर्यंत शिसं असलं तरी 'लेड-फ्री' म्हणता यायचं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! ४ जानेवारी २०१४ पासून ही मर्यादा पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या सरासरीने ०.२५ टक्क्यांवर आली. पण हा नियम पिण्याच्या पाण्याच्या सामानाला आहे. त्याच दुकानात, त्याच रॅकवर, गॅसचे आणि कॉम्प्रेसरच्या हवेचे पितळी व्हॉल्व्ह असतात, आटे अगदी तेच. त्यांना हा कायदा लागूच नाही. 'चालतंय की'वाले नेमके तेच उचलतात.

'एवढ्याशा नळाने काय होतंय?' हा त्यांचा आवडता प्रश्न. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराचं काय झालं ते आठवा. एप्रिल २०१४ मध्ये शहराने पाण्याचा स्रोत बदलला, फ्लिंट नदीचं पाणी घेतलं आणि त्यात गंजरोधक रसायन घातलं नाही. नळ तेच, पाइप तेच. फक्त आतलं पाणी बदललं आणि शिसं लोकांच्या घरात उतरलं. आमच्या धंद्यात सर्व्हर तोच ठेवून इनपुट बदललं की काय होतं ते रोज बघतो, मग इथेच अक्कल का गहाण ठेवायची? लहान मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणून ठरवता आलेली नाही. मुलं बिअर पीत नाहीत, कबूल. पण तोच नळ लावलेल्या भांड्यात कुणी सूप करतं, कुणी पाणी तापवतं. आणि मोठ्यांच्या शरीरातही ते हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं.

पितळ घ्यायचंच तर शिक्का बघून घ्या: एनएसएफ ६१ किंवा ३७२. जुनं पितळ हाताशी असेल तर जॉन पामर यांनी त्यांच्या 'हाऊ टू ब्रू' पुस्तकात सांगितलेला उपाय आहे. दोन भाग पांढरं व्हिनेगर, एक भाग तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात पाच-दहा मिनिटं. पितळ लोण्यासारखं पिवळं झालं की काढा आणि धुवा. द्रावण निळं-हिरवं व्हायला लागलं म्हणजे जास्त झालं, तांबं सुटायला लागलं आणि खालचं शिसं उघडं पडलं. हा उपाय फक्त वरच्या थराचा आहे, हे विसरू नका.

आता सोवळ्यातल्या मंडळींकडे वळतो. स्टेनलेस उत्तम आहे, वाद नाही. पण ते गंजतच नाही ही अंधश्रद्धा. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, बारीक खड्डे पडतील. लोखंडी काथ्याने घासा, त्याचे कण रुतून तांबेरा येईल. ३१६ मध्ये जे दोन-एक टक्के मॉलिब्डेनम असतं ते खाऱ्या पाण्यासाठी. वर्टला ३०४ पुरून उरतं. आणि दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं: क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ स्टेनलेससारखंच चमकतं. चुंबक लावून कळत नाही, कारण दोन्हीला तो नीट चिकटत नाही. आट्यांच्या आत डोकावा, पिवळं दिसलं तर पितळ.

देशातून बॅगेत फिटिंग आणणाऱ्यांना एक सूचना. भारतात बीएसपी आटे, अमेरिकेत एनपीटी. अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचात चौदाच आटे, म्हणून दोन-तीन फेरे झकास बसतात. पण कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. पुढे अडतं आणि गळतं. टेप कितीही गुंडाळा!

आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, इथे १९७८च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली, महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना बिअर करणं हा गुन्हा आहे. तेव्हा तूर्त ताकावर प्रयोग करा, कळकणं तिथेही दिसेल.

असो. पैसे मर्यादित असतील तर ते यीस्टच्या नंतरच्या बाजूला खर्च करा. तिथे स्टेनलेस, अलीकडे शिक्क्याचं पितळ, आणि बिनशिक्क्याच्या पितळेला रजा. दुकानदाराचं ऐकू नका, शेजाऱ्याचं ऐकू नका. आजीचं ऐका.